डब्ल्यूडीआयए, मेम्फिस: बुडते २५० वॅटचे स्टेशन आणि त्याचा नवा श्रोता (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मेम्फिस शहरात ७ जून १९४७ रोजी डब्ल्यूडीआयए हे रेडिओ स्टेशन सुरू झाले. जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन हे त्याचे मालक. दोघेही गोरे. रोजचा कारभार फर्ग्युसन बघत; रेडिओच्या धंद्यात ते मुरलेले होते. शहरात आधीपासून पाच स्टेशने होती, हे सहावे.

परवान्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि पुढच्या सात वर्षांचा बराचसा इतिहास त्या तिन्हींतून घडला: फ्रिक्वेन्सी ७३० किलोहर्ट्झ, शक्ती २५० वॅट, प्रक्षेपण फक्त दिवसा.

दिवसाच्या अटीमागचे कारण समजून घेतले पाहिजे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून जातात. आकाशाकडे जाणारा त्यांचा भाग वातावरणातला डी थर शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरांवरून परत फिरतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. मग दूरदूरची स्टेशने एकमेकांत मिसळतात. उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या करारात ७३० ही फ्रिक्वेन्सी रात्रीसाठी मेक्सिकोच्या वाट्याला गेलेली होती. म्हणून तिच्यावरच्या अमेरिकन स्टेशनांनी सूर्यास्ताला ट्रान्समीटर बंद करायचा, असा नियम होता. डिसेंबरात मेम्फिसला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे कामावरून लोक घरी परतून रेडिओ लावतात, नेमक्या त्याच वेळी हिवाळ्यात हे स्टेशन मुके व्हायचे.

अडचण

पहिले वर्षभर डब्ल्यूडीआयएने इतर स्टेशनांसारखाच माल वाजवला: लोकप्रिय गाणी, कंट्री, थोडे शास्त्रीय. मोठ्या स्टेशनांच्या पाठीशी एनबीसी, सीबीएस यांची जाळी होती. त्यांना न्यूयॉर्कहून तयार नाटके, बातम्या, नावाजलेले गायक मिळत आणि त्यांच्यासोबत देशभरच्या कंपन्यांच्या जाहिरातीही येत. जाळ्याबाहेरच्या २५० वॅटच्या स्टेशनाला गावातली दुकाने तेवढी उरतात. तीही जिथे श्रोते जास्त तिथे जातात. १९४८ च्या मध्यापर्यंत स्टेशन तोट्यात होते आणि तोटा थांबण्याचे चिन्ह दिसत नव्हते.

त्याच शहरात दर दहा माणसांमागे जवळजवळ चार कृष्णवर्णीय होती. पलीकडच्या आर्कान्सा आणि मिसिसिपी राज्यांतल्या कापूसपट्ट्यात तर त्यांचे प्रमाण आणखी मोठे होते. या लोकांशी त्यांच्यातल्याच कोणी दिवसभर बोलावे, असे एकही स्टेशन तिथे नव्हते.

ही जागा इतकी वर्षे मोकळी राहण्याची कारणे तीन. पहिले म्हणजे दक्षिणेतली कायद्याने बांधलेली वर्णभेदाची व्यवस्था. शाळा, बस, दवाखाना, नाट्यगृह सगळे वेगळे असताना कृष्णवर्णीय माणसाचा आवाज न विचारता गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरणार, ही कल्पनाच अनेकांना सहन होणारी नव्हती. दुसरे, जाहिरातदारांची भीती: आपला साबण किंवा पीठ ‘काळ्यांचा माल’ म्हणून ओळखले गेले तर गोरी गिऱ्हाइके जातील. तिसरे कारण मोजणीचे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्या काळी प्रचलित असलेले हूपर सर्वेक्षण घरोघरी फोन करून ‘आत्ता कोणते स्टेशन लावले आहे’ असे विचारत असे. ज्या घरात फोनच नाही त्या घरातला रेडिओ या मोजणीत कधीच येत नव्हता. गरीब वस्त्यांत रेडिओ होते, फोन मोजके होते. आकड्यांत श्रोता दिसत नाही म्हणून कार्यक्रम नाही, आणि कार्यक्रम नाही म्हणून श्रोता आकड्यांत येत नाही, असे हे चक्र होते.

समोरचे पर्याय

स्टेशन विकणे हा सर्वांत सरळ मार्ग होता. पण तोट्यातल्या, फक्त दिवसा चालणाऱ्या परवान्याला भाव काय मिळणार?

दुसरा मार्ग कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्या निवेदकाच्या तोंडून वाजवण्याचा. मेम्फिसमध्येच डब्ल्यूएचबीक्यू स्टेशनवर ड्यूई फिलिप्स यांचा असा कार्यक्रम १९४९ मध्ये सुरू झाला. नॅशव्हिलचे ५०,००० वॅटचे डब्ल्यूएलएसी रात्री हेच करत होते. यात धोका कमी होता, श्रोतेही मिळत. पण निवेदक त्या वस्तीत राहत नव्हता. तिथले चर्च, शाळा, मयत, हरवलेले पोर यांतले काही त्याला ठाऊक नसे.

तिसरा मार्ग वेळ विकण्याचा. नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमधल्या केडब्ल्यूईएमवर कलाकार स्वतःच पंधरा-पंधरा मिनिटे विकत घेत आणि आपल्या कार्यक्रमांची जाहिरात करत. आर्कान्सातल्या हेलेना गावच्या केएफएफएवर १९४१ पासून एका पिठाच्या कंपनीने पुरस्कृत केलेला ब्लूजचा, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा, कार्यक्रम चालू होता. त्यात सनी बॉय विल्यमसन माउथ ऑर्गन वाजवत. एक जाहिरातदार, एक कार्यक्रम, आणि बाकी दिवस जुन्याच पद्धतीने. स्टेशनाला फार काही पणाला लावावे लागत नाही. पण असा कार्यक्रम संपला की श्रोताही स्टेशन बदलतो.

चौथा मार्ग फर्ग्युसन यांनी निवडला: कृष्णवर्णीय माणसाला निवेदक म्हणून स्वतःच्या नावाने माइकसमोर बसवणे.

पाचवा मार्गही होता, फक्त तो या दोघांच्या टेबलावर येण्यासारखा नव्हता. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, अटलांटात जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय हिशेबतज्ज्ञाने ५०,००० डॉलरना डब्ल्यूईआरडी हे १,००० वॅटचे स्टेशन विकत घेतले. अमेरिकेतले ते पहिले कृष्णवर्णीय मालकीचे स्टेशन. या दोन शहरांतला फरक पुढे पुन्हा येईल, म्हणून तो इथे नोंदवला.

पहिला निर्णय: माइकसमोर कोण

नॅट डी. विल्यम्स यांची निवड हा या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक निर्णय होता, असे आमचे मत आहे. ते बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत. कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांत त्यांचे सदर चाले. बील स्ट्रीट या शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या करमणुकीच्या रस्त्यावरच्या पॅलेस थिएटरात नवोदितांच्या स्पर्धेच्या रात्री ते सूत्रसंचालन करत. म्हणजे एकाच माणसाच्या ओळखीत शाळेतली मुले, त्यांचे आईबाप, वाचक आणि बील स्ट्रीटचा प्रेक्षक हे सगळे आले. नवीन आवाजाला ओळख मिळवायला वर्ष-दोन वर्षे जातात. विल्यम्स ती ओळख सोबत घेऊनच स्टुडिओत आले.

२५ ऑक्टोबर १९४८ रोजी दुपारी चार वाजता त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. लाल दिवा लागला आणि त्यांना शब्द सुचेनात, तेव्हा ते मोठ्याने हसले. ते गडगडाटी हसू पुढे त्यांची ओळख ठरले आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला राहिले. चारची वेळ का, तर शाळा सुटल्यावर ते मोकळे होत. पुढे सकाळचा कार्यक्रमही त्यांच्याकडे आला. पहाटे उठून स्टुडिओ, मग दिवसभर वर्ग, मग पुन्हा स्टुडिओ, असा त्यांचा दिवस असे. शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली नाही.

स्टेशनाकडे तक्रारी आल्या, बॉम्बच्या धमक्याही आल्या. इथे दुसरा निर्णय घ्यावा लागला आणि तो फार वेळ न दवडता घेतला गेला: कार्यक्रम थांबवायचा नाही. अशा प्रसंगी बहुतेक व्यवस्थापने ‘तूर्त काही दिवस थांबू’ म्हणतात, आणि ते काही दिवस कधी संपत नाहीत. फर्ग्युसन थांबले असते तर धमकी देणाऱ्यांना कळले असते की एक फोन पुरतो.

दुसरा टप्पा: एका तासावरून अख्ख्या दिवसावर

सगळे वेळापत्रक एका दिवसात बदलले नाही, आणि ते बरोबरच झाले. एक वेळ बदलायची, श्रोत्यांची पत्रे आणि जाहिरातदारांचा कल बघायचा, मग शेजारची वेळ बदलायची. पण याच पायरीवर एक अडचण दिसली: चारच्या कार्यक्रमाला आलेला श्रोता पुढच्या गोऱ्या कार्यक्रमाला थांबत नव्हता, आणि जुना गोरा श्रोता चारनंतर परत येत नव्हता. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालणार नव्हते. १९४९ मध्ये स्टेशनाने जवळजवळ सारा दिवस कृष्णवर्णीय श्रोत्याला दिला. एखाद्या अमेरिकन स्टेशनाने असे करण्याची ही पहिलीच वेळ.

माणसे एकामागून एक आली. मॉरिस ‘हॉट रॉड’ हुल्बर्ट हे नृत्य आणि रंगमंचाकडून आलेले. जीवशास्त्राचे शिक्षक ए. सी. विल्यम्स यांनी शाळकरी मुलामुलींचा ‘टीन टाउन सिंगर्स’ हा गायकवृंद उभा केला. पुढे नावाजलेले गायक कार्ला थॉमस आणि आयझॅक हेज त्यात गायले. रुफस थॉमस कापड गिरणीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी माइकवर येत. विला मन्रो यांनी गृहिणींसाठी कार्यक्रम सुरू केला. दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रीला निवेदक म्हणून ऐकणे हे त्याआधी घडले नव्हते. पुढे ‘द क्वीन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मार्था जीन स्टाइनबर्ग याच स्टेशनवर घडल्या. रविवार गॉस्पेलचा, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांचा. त्याच दिवशी नॅट विल्यम्स यांचा ‘ब्राउन अमेरिका स्पीक्स’ हा चर्चेचा कार्यक्रमही असे आणि त्यात समाजाचे प्रश्न उघडपणे मांडले जात.

रायली किंग नावाचा मिसिसिपीच्या शेतांवरून आलेला तरुण गिटार घेऊन स्टेशनावर आला तेव्हा स्टेशनाला पेप्टिकॉन या टॉनिकसाठी गाणाऱ्याची गरज होती. त्याला दहा मिनिटे मिळाली. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे रेडिओवरचे नाव आखूड होत होत ‘बी. बी.’ झाले; हाच पुढचा प्रसिद्ध ब्लूज गायक बी. बी. किंग. पगार थोडा होता, पण प्रत्येक कार्यक्रमात आपण आज रात्री कुठे वाजवणार आहोत हे सांगता येई आणि तिथे पैसे मिळत. स्टेशन आणि कलाकार या दोघांना परवडणारा व्यवहार असा होता.

संगीताइतकेच, कदाचित त्याहून अधिक, महत्त्वाचे काम मात्र गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात होई. ‘गुडविल’ नावाने फुकट घोषणा वाचल्या जात: हरवलेले मूल, हरवलेले जनावर, चर्चचा कार्यक्रम, कोणाला रक्त हवे आहे, कोणाचे घर जळाले. फोन किंवा चिठ्ठी आली की मजकूर पडताळून निवेदकाकडे जाई. शहरातली मोठी वर्तमानपत्रे या समाजाच्या रोजच्या आयुष्याची दखल घेत नव्हती, त्यामुळे ही घोषणा त्या वस्तीचे टपाल, दवंडी आणि चावडी बनली. स्टेशन बदलले तर गाणी दुसरीकडे मिळतील, पण शेजाऱ्याचे हरवलेले पोर सापडल्याची बातमी मिळणार नाही, म्हणून श्रोता हलत नसे. प्रतिस्पर्ध्यांना हे उचलता आले नाही, कारण रेकॉर्ड विकत मिळतात, पण असा विश्वास वर्षानुवर्षे फोन उचलूनच कमवावा लागतो.

तिसरा निर्णय: ५०,००० वॅट

श्रोते वाढले तशी परवान्याची अट अधिक टोचू लागली. वर सांगितलेला हिवाळ्यातला पावणेपाच वाजताचा सूर्यास्त नॅट विल्यम्स यांच्या चारच्या कार्यक्रमाला तासभरही देत नव्हता. २५० वॅटची लहर कापूसपट्ट्याच्या आतल्या भागात धड पोहोचत नव्हती.

उपाय होता फ्रिक्वेन्सी बदलण्याचा. १९५४ च्या जूनमध्ये डब्ल्यूडीआयए १०७० किलोहर्ट्झवर गेले आणि दिवसाची शक्ती ५०,००० वॅट झाली, जी अमेरिकेत मीडियम वेव्हला दिली जाणारी कमाल मर्यादा आहे. त्यामागची आकडेमोड अशी:

* शक्ती २०० पट झाली, पण रेडिओपाशी पोहोचणारी लहर २०० पट जोरकस होत नाही. क्षेत्राची तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे सुमारे १४ पट.
* फ्रिक्वेन्सी वर गेली की जमिनीलगतची लहर लवकर क्षीण होते. ७३० वरून १०७० वर जाताना या १४ पटीतले काही गमवावे लागते.
* ७३० वर पाव तरंगलांबी उंचीचा अँटेनाचा मनोरा सुमारे १०३ मीटरचा, १०७० वर ७० मीटरचा. एकेक मनोरा आखूड होतो, पण रात्रीसाठी एकाहून अधिक लागतात.
* प्रत्येक मनोऱ्याखाली जमिनीत तांब्याच्या तारांचे चक्र पुरावे लागते. प्रचलित पद्धत १२० तारांची, प्रत्येक पाव तरंगलांबीची. म्हणजे एका मनोऱ्याला आठ किलोमीटरहून जास्त तार. या तारा कुजल्या किंवा चोरीला गेल्या तर ट्रान्समीटर पूर्ण शक्तीवर असूनही आवाज खाली जातो, आणि दोष शोधायला महिने लागतात.

रात्रीची गोष्ट वेगळी. १०७० वर लॉस एंजलिसचे केएनएक्स हे मोठे स्टेशन आहे. त्याला त्रास होऊ नये म्हणून डब्ल्यूडीआयएची रात्रीची शक्ती ५,००० वॅट आणि लहर ठरावीक दिशांनाच वळवलेली. दिशा वळवण्यासाठी मनोऱ्यांना मिळणाऱ्या प्रवाहाचे प्रमाण आणि कला (फेज) नेमकी जुळवावी लागते. पावसाने जमीन भिजली, एखादे कॉइल तापले, की जुळवणी सरकते. म्हणून ठरलेल्या ठिकाणी जाऊन तीव्रता पुन्हा पुन्हा मोजावी लागते. सूर्यास्ताला स्विच फिरवला की ज्या दिशेला लहर कमी केली आहे तिकडच्या गावांत स्टेशन अचानक बारीक होते. तिथल्या श्रोत्याला वाटते आपलाच रेडिओ बिघडला.

विजेचे बिलही मोजायला हवे. त्या काळच्या ट्रान्समीटरला ५०,००० वॅट अँटेनात पाठवायला त्याच्या दुपटीच्या आसपास वीज घ्यावी लागे. म्हणजे जाहिरातीचा दर वाढवणे भाग, म्हणजे गावातल्या दुकानांसोबत राष्ट्रीय कंपन्या आणणे भाग.

कंपन्या आल्या. पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत प्रक्षेपण सुरू झाले. पहाटे चार अशासाठी की शेतावर आणि पहिल्या पाळीला जाणारा माणूस तेव्हा उठलेला असतो. देशातल्या कृष्णवर्णीय लोकसंख्येपैकी दहा टक्के लोकांपर्यंत आपण पोहोचतो, असा स्टेशनाचा दावा होता.

त्याच वर्षी ‘गुडविल फंड’ची रीतसर स्थापना झाली. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होणाऱ्या दोन मोठ्या संगीत कार्यक्रमांची तिकीटविक्री या निधीत जाई. त्यातून अपंग कृष्णवर्णीय मुलांना शाळेत नेण्यासाठी बस आली, मुलांचे बेसबॉल संघ उभे राहिले. शहराने जे द्यायला हवे होते ते एक रेडिओ स्टेशन देत होते, हे लिहिताना आनंदाइतकाच संतापही होतो.

काचेच्या दोन बाजू

माइकवरचे सगळे कृष्णवर्णीय, पण मालक आणि वरचे व्यवस्थापन गोरे. सुरुवातीच्या वर्षांत कंट्रोल बोर्डही गोऱ्या माणसाच्या हातात. निवेदक काचेपलीकडून खूण करी आणि रेकॉर्ड दुसराच कोणी लावी. बोर्ड हाताळण्याचा सराव नाही म्हणजे तंत्रज्ञाची नोकरी नाही, आणि ती नाही म्हणजे व्यवस्थापनाकडे जाणारी पायरीच नाही. प्रसिद्ध निवेदकही दिवसा शिकवत किंवा गिरणीत राबत, यावरून माइकवरच्या पगाराचा अंदाज येतो.

१९५७ मध्ये स्टेशन एगमंट सॉन्डरलिंग यांच्या कंपनीला विकले गेले; किंमत दहा लाख डॉलर सांगितली जाते. दहा वर्षांपूर्वीचे तोट्यातले सहावे स्टेशन या भावाला गेले ते नॅट विल्यम्स, हुल्बर्ट, थॉमस, मन्रो यांच्या आवाजावर. मालकीत त्यांचा वाटा नव्हता.

वेगळे काय करता आले असते

मालकीचा छोटा हिस्सा, निदान नफ्यातला वाटा, निवेदकांना देता आला असता. १९४८ मध्ये स्टेशनाची किंमत नगण्य असताना ते स्वस्तात झाले असते. १९५४ नंतर, भाव चढल्यावर, तसे कोणी करत नाही. अशा प्रकरणात हिस्सा ठरवण्याची वेळ पहिल्या कार्यक्रमाआधीची असते.

कंट्रोल बोर्डाचे प्रशिक्षण देणे त्याहून सोपे होते. एका होतकरू मुलाला काही आठवडे बाजूला बसवले की काम येते. त्यासाठी परवाना किंवा यंत्र लागत नव्हते, फक्त परवानगी लागत होती.

राजकीय बाबतीत स्टेशन जपून चालले. अटलांटाच्या डब्ल्यूईआरडीची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय त्याच इमारतीत, स्टुडिओच्या खाली होते. किंग यांना बोलायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत आणि वरून माइक खाली सोडला जाई, असे सांगतात. मालक आपला असला की माइक इतका जवळ येतो. पण डब्ल्यूईआरडीकडे ५०,००० वॅट कधीच आले नाहीत. भांडवल आणि पोच एका हाती, मोकळेपणा दुसऱ्या हाती, अशी ही विभागणी होती. मेम्फिसने यांतली पोच घेतली. त्यासाठी फर्ग्युसन यांना दोष देणे सोपे आहे, पण धमक्यांच्या त्या दिवसांत त्यांनी माइक बंद केला नाही हेही त्याच खात्यावर लिहावे लागते.

आणखी एक चूक रोजची होती: प्रक्षेपण थेट जात होते आणि ध्वनिमुद्रणे जपण्याची शिस्त नव्हती. ‘ब्राउन अमेरिका स्पीक्स’च्या चर्चा, विला मन्रो यांचे सकाळचे कार्यक्रम, गुडविलच्या हजारो घोषणा यांतले फार थोडे उरले आहे. आठवड्यातला एक तास जरी चकतीवर कोरून कपाटात ठेवला असता, तरी त्या वस्तीचा आवाज आज तिच्याच शब्दांत ऐकता आला असता.

पुढे

१९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यासाठी शहरात आलेल्या किंग यांची ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलमध्ये हत्या झाली. तेव्हाही स्टेशनाच्या वरच्या खुर्चीत कृष्णवर्णीय माणूस नव्हता. तो १९७२ मध्ये आला: चक स्क्रग्ज हे महाव्यवस्थापक झाले, पहिल्या कार्यक्रमानंतर जवळजवळ चोवीस वर्षांनी.

लॉरेन मोटेल दिवाळखोरीत निघाले तेव्हा ते वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे नेतृत्व याच स्क्रग्ज यांनी केले. डिसेंबर १९८२ मधल्या लिलावात संस्थेने १,४४,००० डॉलरना ती वास्तू घेतली. १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडले.